बगदादहून भायखळ्याला

बगदादमध्ये ससून घराण्याचा मान मोठा होता. सालेह ससून हे पाशाचे मुख्य सराफ. खजिन्याची उलाढाल त्यांच्या हातून होई, आणि शहरातल्या ज्यू समाजाचे प्रमुखपदही त्यांच्याचकडे होते. बॅबिलोनच्या काळापासून ज्यू त्या भूमीत राहत आले होते, बगदादच्या व्यापारात त्यांचा मोठा वाटा होता. तरीही त्यांचे सुख वालीच्या मर्जीवर टांगलेले असे. उस्मानी राज्यात ज्यू आणि ख्रिस्ती ही संरक्षित प्रजा. जिझिया भरायचा, आपला धर्म आपल्या घरात पाळायचा, आणि राज्यकर्ता बरा असेल तोवर निर्धास्त राहायचे.

१८१७ च्या सुमारास सत्तेवर आलेला दाऊद पाशा बरा नव्हता. बगदादवर राज्य करणाऱ्या ममलुकांपैकी हा शेवटचा. इस्तंबूलच्या सुलतानाला न जुमानता राहायचे तर फौज हवी, आणि फौजेला पैसा हवा. तो कुठे आहे हे त्याला नेमके ठाऊक होते. श्रीमंत ज्यूंना पकडायचे, खंडणी उकळायची, कुणाला जिवे मारायचे, असा क्रम सुरू झाला. सराफ म्हणून सत्तेच्या इतक्या जवळ असणे हीच आता सर्वांत धोक्याची जागा ठरली.

सालेह यांचा मुलगा डेव्हिड. जन्म १७९२ चा. त्यालाही पकडण्यात आले, आणि म्हाताऱ्या बापाने पैसे मोजून त्याची सुटका केली. घराण्यात पुढे सांगितली जाणारी हकिकत अशी की रातोरात होडीने तो बसऱ्याकडे निघाला, तेव्हा अंगरख्याच्या अस्तरात मोती शिवलेले होते. मोत्यांचे खरे असो वा नसो, बसऱ्यालाही त्याला थांबता येणार नव्हते हे मात्र खरे, कारण तिथेही अंमल बगदादच्या पाशाचाच होता. म्हणून आखात ओलांडून इराणच्या बुशेहर बंदरात तो गेला. तिथे उस्मानी हुकूम चालत नव्हता आणि ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती. बापही मागाहून येऊन पोहोचला आणि १८३० मध्ये तिथेच वारला. पुढच्याच वर्षी बगदादमध्ये प्लेग आला, पूर आला आणि दाऊद पाशाची सत्ता कोसळली. डेव्हिडला परत जाता आले असते. तो गेला नाही. १८३२ मध्ये बायकामुलांना घेऊन तो मुंबईत उतरला. तेव्हा त्याचे वय चाळीस होते, आणि इंग्रजी त्याला येत नव्हते.

मुंबईच का, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या दीडशे वर्षे आधीच्या एका धोरणात सापडते. सात बेटे कंपनीच्या हाती आली तेव्हा तिथे दलदल होती, ताप होता आणि व्यापारी नव्हते. १६६९ ते १६७७ या काळात गव्हर्नर असलेल्या जेरल्ड ऑंजिअरने ओळखले की सुरतेचे पारशी, बनिया, आर्मेनियन इथे यायचे असतील तर त्यांना धर्माचे आणि आपल्या जातपंचायतीचे स्वातंत्र्य द्यावे लागेल. दीवच्या बनियांशी तर तसा लेखी करारच झाला. मुंबईच्या सहिष्णुतेची आपण फार गोड आठवण काढतो. तिचा पाया गरजेचा होता, हे मला नोंदवावेसे वाटते. बंदराला माणसे हवी होती, आणि ज्यांना दुसरीकडे थारा नव्हता ती माणसे मिळण्यासारखी होती. गरजेतून आलेला आसरा खोटा नसतो. उलट दोन्ही बाजूंना त्याचा उपयोग असल्याने तो टिकतो. शाहविरुद्धचे बंड फसल्यावर इराणातून परागंदा झालेले इस्माइली इमाम, पहिले आगाखान हसन अली शाह, हेही १८४० च्या दशकात याच शहरात येऊन विसावले.

ससून आले तेव्हा मुंबईत ज्यू नव्हते असे नाही. होते, आणि ते मराठी बोलत होते.

अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात जोडपी वाचली, ही बेने इस्राएलांची आपल्या मुळाविषयीची कथा. कोकणातल्या गावोगावी ते तेलाचे घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद ठेवत, आणि म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. दिवेकर, पेणकर, रोहेकर, केहिमकर, नवगावकर ही त्यांची आडनावे. अठराव्या शतकात कंपनीच्या फौजेत, गोदीत, बांधकामावर कामे मिळू लागली तशी ही मंडळी खाडी ओलांडून मुंबईत येऊ लागली. त्यांच्यातला एक समाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकिएल. कंपनीच्या पलटणीत असताना तो टिपूच्या कैदेत सापडला. जिवंत सुटलो तर प्रार्थनामंदिर बांधीन असा त्याने नवस केला होता असे सांगतात. १७९६ मध्ये मांडवीत त्याने ते बांधले. मुंबईतले ते पहिले सिनेगॉग. त्याच्यावरून रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट नाव मिळाले. बेने इस्राएल त्याला जुनी मशीद म्हणतात, आणि मशीद स्टेशनचे नावही त्यावरूनच पडले असे मानले जाते.

बगदादहून आलेल्यांना आरंभी प्रार्थनेला हीच जागा होती. परक्या शहरात, दोन हजार मैलांवर, शब्बाथच्या दिवशी प्रार्थनेला लागणारी दहा माणसे जमवायची तर ती मांडवीतल्या तेल्यांच्या आणि सुभेदारांच्या घरांतूनच मिळणार होती. तोराह एकच, प्रार्थना त्याच. निर्वासिताला याहून मोठा दिलासा तो कोणता?

आणि तरीही १८३६ मध्ये बगदादी मंडळींनी सरकारकडे अर्ज केला, की दफनभूमीत त्यांच्या आणि बेने इस्राएलांच्या कबरींमध्ये भिंत घालावी.

या अर्जापाशी मी पुन्हा पुन्हा येतो. आलेले लोक नुकतेच आले होते. त्यातल्या अनेकांनी धर्मापायी छळ पाहिला होता. मग आपल्याच धर्माच्या, आपल्या आधी इथे रुजलेल्या लोकांपासून मेल्यावरसुद्धा वेगळे पडण्याची त्यांना एवढी निकड का वाटली? उघड कारण शास्त्राचे होते. शतकानुशतके रब्बींपासून दूर राहिलेल्या बेने इस्राएलांचे विवाह आणि घटस्फोट नियमाप्रमाणे झाले असतील का, त्यांच्यात बाहेरचे रक्त मिसळले असेल का, ही शंका. खुद्द बेने इस्राएलांतही गोरे आणि काळे असा भेद होता, तेव्हा जातीची भाषा इथे सर्वांनाच कळत होती. पण आणखी एक कारण मला दिसते. बगदादी माणसे वर्णाने उजळ, वेशाने अरब, व्यवसायाने व्यापारी. या शहरात आपण ‘नेटिव्ह’ गणले जाणार की आणखी कुणी, हे अजून ठरायचे होते. कोकणी मराठी बोलणाऱ्या, नऊवारी नेसणाऱ्या ज्यूंच्या शेजारी उभे राहिले तर ते लगेच ठरले असते. भीतीतून आलेला माणूस नव्या जागी आधी आपली पायरी शोधतो. ती सापडावी म्हणून त्याने जवळच्याच माणसाला खालच्या पायरीवर ढकलले, याचे मला दुःख वाटते. त्याचे नवल मात्र वाटत नाही.

पायरी सापडली, आणि ती फार उंच होती. फोर्टातल्या टॅमरिंड लेनमध्ये डेव्हिडने पेढी थाटली. विलायती कापड इराणच्या आखाताकडे पाठवायचे आणि तिकडचा माल इकडे आणायचा, ही सुरुवात. अरबी, हिब्रू, फारसी, तुर्की त्याला येत होत्या, हिंदुस्तानी तो शिकला. बसऱ्याच्या आणि बुशेहरच्या व्यापाऱ्यांना मुंबईत भरवशाचा माणूस हवा होता, तो मिळाला. १८३३ मध्ये कंपनीची चीन व्यापारावरची मक्तेदारी संपली. १८४२ च्या नानकिंग तहाने चिनी बंदरे उघडली, आणि दोनच वर्षांत डेव्हिडचा दुसरा मुलगा एलियास तिकडे रवाना झाला. तिकडे जाणाऱ्या मालात सर्वांत किफायतशीर माल होता माळव्यातली अफू. मुंबईतल्या आणखी कितीतरी मोठ्या घराण्यांच्या संपत्तीतही ती आहे. पण ससूनांचा वाटा वाढत गेला, इतका की १८७० च्या दशकाच्या आरंभी जार्डिन मॅथेसनसारख्या बलाढ्य ब्रिटिश कंपनीने त्या धंद्यातून अंग काढून घेतले. ससूनांच्या दानाविषयी लिहिताना हे बाजूला ठेवता येत नाही. ज्या पैशाने पुण्यात रुग्णालय उभे राहिले, त्याच पैशाच्या दुसऱ्या टोकाला शांघायमधली व्यसनाने पोखरलेली घरे होती.

पेढीभोवती एक समाज उभा राहिला. बगदादहून, बसऱ्याहून, अलेप्पोहून गरीब ज्यू तरुण येत. त्यांना शाळा, हिशेबाचे शिक्षण, कोशर अन्न, दवाखाना, शेवटी कबरीची जागा, सगळे ससूनांकडून मिळे. पुढे त्यांनाच कारकून म्हणून हाँगकाँगला, शांघायला पाठवले जाई. शनिवारी पेढी बंद. घरात अरबी बोलत आणि ती हिब्रू अक्षरांत लिहीत. १८५० च्या दशकात तर त्या भाषेत मुंबईतून वृत्तपत्रही निघू लागले. म्हणजे या शहरात राहूनही शहराशी बोलायची गरज पडू नये, अशी व्यवस्था. आसरा म्हणून ती उत्तम होती, पण तिने मुळे खोल जाऊ दिली नाहीत.

राज्यकर्त्यांशी मात्र बोलणे होते. १८५३ मध्ये डेव्हिड ब्रिटिश प्रजाजन झाला, आणि त्या कागदावर त्याने सही केली ती हिब्रूत. १८५७ च्या उठावात त्याने मुंबई सरकारला ज्यू समाजाचा पाठिंबा देऊ केला. बगदादमध्ये एका पाशाच्या लहरीने घर उद्ध्वस्त झालेल्या माणसाला कायद्याने चालणाऱ्या राजवटीचे किती मोल वाटले असेल, हे समजू शकते. त्याच राजवटीने त्या वर्षांत या देशात काय केले, हे त्याच्या हिशेबात आले नाही.

मग इमारती आल्या. भायखळ्यात सां सूसी नावाचा वाडा, ज्यात आज मसिना हॉस्पिटल आहे. जवळच १८६० च्या दशकातले मागेन डेव्हिड सिनेगॉग. पुण्याच्या कॅम्पात ओहेल डेव्हिड, लाल विटांचे, उंच घड्याळी मनोऱ्याचे, ज्याला पुणेकर लाल देऊळ म्हणतात. ते १८६७ मध्ये पुरे झाले, आणि ससून रुग्णालयही त्याच सुमारास. दोन्हींचा आराखडा हेन्री सेंट क्लेअर विल्किन्सचा. पुण्यातल्या या दोन्ही इमारती पूर्ण झालेल्या डेव्हिडने पाहिल्या नाहीत. नोव्हेंबर १८६४ मध्ये तो पुण्यात वारला आणि लाल देवळाच्या आवारातच त्याची समाधी आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाला आलेली तेजी त्या वेळी कळसाला होती. पुढच्याच वर्षी ती कोसळली आणि मुंबईतल्या अनेक पेढ्या बुडाल्या. ससून सट्ट्यापासून दूर राहिले होते, म्हणून तरले. थोरला मुलगा अब्दुल्ला आता अल्बर्ट झाला होता. त्याने कुलाब्याला समुद्र हटवून १८७५ मध्ये ससून डॉक बांधला, राजपुत्राचा अश्वारूढ पुतळा शहराला दिला, ज्यावरून काळा घोडा हे नाव पडले, आणि स्वतः विलायतेला जाऊन स्थायिक झाला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग उघड झाला. समाजी दिवेकरांच्या सिनेगॉगचा तोच भाग, धान्याची कोठारे आणि दाटीवाटीच्या चाळी. लोक शहर सोडून पळू लागले. सरकारने बोलावून घेतला तो डॉ. वाल्डेमार हाफकिन. ओडेसाला १८६० मध्ये जन्मलेला ज्यू. विद्यार्थिदशेत झारशाहीविरुद्धच्या क्रांतिकारकांशी संबंध, अटक, आणि धर्म बदलला नाही म्हणून विद्यापीठात प्राध्यापकी नाही. रशियातून जिनिव्हाला, तिथून पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत, आणि तिथून पटकीची लस घेऊन हिंदुस्थानात. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्या प्रयोगशाळेत त्याने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली.

लस निघाली, पण लोक घेईनात. सरकारी शोध-पथकांच्या घरझडत्यांनी आणि सक्तीच्या विलगीकरणाने लोक इतके धास्तावले होते की सरकारी सुईवर कुणाचा विश्वास नव्हता. अशा वेळी डेव्हिडचे चिरंजीव सुलेमान ससून यांच्या विधवा फर्हा, इंग्रजांच्या लेखी फ्लोरा, पुढे आल्या. नवऱ्यामागे मुंबईची सगळी पेढी त्या सांभाळत होत्या. हिब्रू आणि अरबीत विद्वान, धर्मनिष्ठ बाई. त्यांनी चारचौघांदेखत लस टोचून घेतली. तरुण आगाखान तिसरे यांनीही तेच केले आणि हाफकिनला प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला. इराणातून हद्दपार झालेल्याचा नातू, बगदादहून पळालेल्याची सून आणि रशियातून घालवलेला शास्त्रज्ञ, ही तिघे मुंबईच्या सर्वांत वाईट दिवसांत एकाच कामाला लागली होती. या इतिहासातले मला सर्वांत प्रिय असलेले पान हेच आहे. इथे कुणी राजपुत्राचा पुतळा उभारत नव्हते. आपल्या दंडावर सुई घेऊन ते शेजाऱ्याला म्हणत होते, घ्या, मी घेतली आहे.

हाफकिनला मात्र ब्रिटिश छत्राची दुसरी बाजू पाहावी लागली. १९०२ मध्ये पंजाबात मुल्कोवालला लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. चूक त्याच्या प्रयोगशाळेची ठरवून त्याला कामावरून दूर केले गेले. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून तो निर्दोष असल्याचे मांडले तोवर १९०७ उजाडले. त्याच्या प्रयोगशाळेला त्याचे नाव मिळाले ते १९२५ मध्ये.

ससूनांच्या झगमगाटात बाकीचे बगदादी दिसत नाहीत. भायखळ्याच्या आणि नागपाड्याच्या खोल्यांत राहणारे, ट्रस्टच्या मदतीवर मुले शिकवणारे कितीतरी होते. त्यांच्या मुलींना कमवायला बाहेर पडावे लागे, आणि हिंदू-मुसलमान घरांतल्या मुलींवर असलेली पडद्यावर न दिसण्याची बंधने त्यांच्यावर तितकी नव्हती. १९०७ मध्ये पुण्यात जन्मलेली रूबी मायर्स टेलिफोन ऑपरेटर होती. मूकपटांत ती सुलोचना झाली, त्या काळातली सर्वांत मोठी तारका, आणि पुढे तिला दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. १९५२ च्या ‘आन’मधून पुढे आलेली नादिराही बगदादी ज्यूच. श्रीमंतांनी डॉक आणि वाचनालये दिली, या मुलींनी हिंदी पडद्याला चेहरे दिले. शहरात खरोखर मिसळल्या त्या याच.

वरच्या थरातल्यांनी दुसरी वाट धरली होती. आम्हांला युरोपियन माना, असा आग्रह कलकत्त्यातल्या आणि मुंबईतल्या बगदादींचे पुढारी विसाव्या शतकातही धरत राहिले. तो काही मान्य झाला नाही. व्हिक्टर ससूनने धंद्याचे केंद्र शांघायला हलवले, १९४३ मध्ये ससूनांच्या मुंबईतल्या गिरण्या विकल्या गेल्या. १९४१ च्या जूनमध्ये बगदादमध्ये ज्यूंची कत्तल झाली, तेव्हा परतीची उरलीसुरली कल्पनाही संपली. ब्रिटिश निघाले तसे बहुतेक बगदादीही निघाले, लंडनला, सिडनीला, इस्राएलला. त्यांना इथून कुणी हाकलले नाही. भारतातल्या ज्यूंचा छळ झाला नाही, हे त्या समाजातलेच लोक आवर्जून सांगतात. पण ज्या छत्राखाली ते उभे राहिले होते ते निघून गेले, आणि दुसरे नाते जोडायचे राहून गेले होते. अपवाद होते. कलकत्त्याच्या बगदादी घरातले जे. एफ. आर. जेकब भारतीय सैन्यात राहिले, १९७१ च्या डिसेंबरात ढाक्याच्या शरणागतीत त्यांचा मोठा वाटा होता, आणि पुढे ते गोव्याचे राज्यपाल झाले.

बेने इस्राएलही गेले, हजारोंनी. त्यांच्या स्थलांतराचे कारण भीती नव्हती, शतकानुशतके केलेल्या प्रार्थनेतली ओढ होती. आणि तिथे १८३६ ची भिंत त्यांच्यापुढे पुन्हा उभी राहिली. १९६० च्या दशकाच्या आरंभी इस्राएलच्या धर्मपीठाने ठरवले की बेने इस्राएल ज्यू आहेत, पण त्यांच्यापैकी कुणाला इतर ज्यूंशी लग्न करायचे तर पूर्वजांची चौकशी करावी लागेल. त्या वेळचे सेफार्दी प्रमुख रब्बी यित्झाक निस्सीम बगदादमध्ये जन्मलेले होते. शंका तीच, शब्दही जवळपास तेच. फरक एवढाच की आता समोरचा समाज कंपनी सरकारच्या टेबलावरचा अर्ज वाचून गप्प बसणारा नव्हता. गिरणीच्या, रेल्वेच्या, पोस्टाच्या मुंबईत तो वाढला होता, संप आणि धरणे त्याला ठाऊक होते. जेरुसलेममध्ये बायकामुलांसह ते रस्त्यावर बसले. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेला, क्नेसेटला, ठराव करावा लागला की बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यू आहेत आणि त्यांचे हक्क इतरांसारखेच आहेत. पुढे १९८० च्या दशकात त्यांनी तिथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक सुरू केले.